बिनतारी ठाणें बदलतो कोण?

संध्याकाळची वेळ आहे. पुण्याच्या एखाद्या पेठेंतील जुन्या दुमजली घरांत आजीबाई दिवाणखान्यांत बसून परदेशीं असलेल्या मुलीशीं फोनवर बोलत आहेत, अशी कल्पना करावी. मुलीचा चेहरा समोर दिसतो आहे, नातवाचा शब्दन्‌शब्द स्पष्ट ऐकूं येतो आहे. इतक्यांत माडीवर देवापाशीं दिवा लावावयाचा म्हणून त्या उठतात आणि बोलतां बोलतां जिना चढूं लागतात. जिन्याच्या वळणावर नातवाचा आवाज तुटतो, चित्र जागच्या जागीं थिजतें, आणि माडीवर पोंचतांच संभाषण अजिबात बंद पडतें. वास्तविक माडीवर बिनतारी इंटरनेटची स्वतंत्र पेटी डोक्यावरच लावलेली आहे. खालीं एक, माडीवर एक आणि मागें स्वयंपाकघरांत एक, अशा तीन पेट्या या घरांत आहेत. तिन्हींचे दिवे व्यवस्थित लुकलुकत आहेत. मग दोष कोणाचा? मुलगा इंटरनेट पुरविणाऱ्यांना दोष देतो, सून पेट्यांना देते, आणि आजीबाई आपल्याच हाताला देतात. अखेर कोणीतरी सल्ला देतो कीं, खालीं याहून जोरदार पेटी आणून बसवावी. ती येते, पैसे खर्च होतात. आणि नवल असें कीं, पूर्वीं माडीवर जाऊन पुन्हां फोन लावला म्हणजे निदान बोलणें सुरळीत होत असे, तें आतां माडीवर बसूनहि तुटत तुटतच ऐकूं येऊं लागतें!

अशा तक्रारी आज शहरांतील पुष्कळ घरांतून ऐकूं येतात. त्यांचें मूळ पेटीच्या दुबळेपणांत क्वचितच असतें. तें असतें एका साध्या प्रश्नाच्या अज्ञानांत: माणूस घरांत हिंडूं लागला म्हणजे त्याच्या फोननें एक पेटी सोडून दुसरी धरावी हें ठरवितो कोण?

या पेट्यांचें रूढ नांव ‘ॲक्सेस पॉइंट’ असें आहे. प्रस्तुत विवेचनांत त्यांना सोयीसाठीं ‘ठाणें’ असें म्हटलें आहे. कारण तारेनें आलेला निरोप येथें उतरून बिनतारी लहरींवर चढतो, आणि लहरींवरून आलेला निरोप येथेंच तारेंत शिरतो. विमानतळ, मोठीं इस्पितळें किंवा विद्यापीठें यांतून अशीं शेंकडों ठाणीं असतात, आणि बहुधा त्या सर्वांवर देखरेख करणारें एक मध्यवर्ती नियंत्रक यंत्र असतें. घरांतील तीन ठाण्यांवर असा कोणी मुकादम नसतो. तरीहि फोन एका ठाण्यावरून दुसऱ्यावर जाऊं शकतो. तो कसा, हें पाहण्याजोगें आहे.

प्रथम याच्या उलट प्रकार ध्यानांत घ्यावा. आगगाडीनें पुण्याहून मुंबईस जाणारा मनुष्य मोबाइल कंपनीच्या मनोऱ्यांच्या आधारें बोलत असतो. गाडी पुढें जाते तसे मनोरे मागें पडतात. संभाषण चालू असतां त्याचा फोन आसपासच्या मनोऱ्यांचा जोर मोजून त्याचा अहवाल कंपनीच्या यंत्रणेकडे सारखा धाडीत असतो. परंतु मनोरा केव्हां बदलावयाचा याचा निर्णय ती यंत्रणाच घेते. गाडी स्वतः रूळ बदलीत नाहीं. सांधेवाला सांधा बदलतो आणि गाडी निमूटपणें त्या रुळावर जाते. मोबाइल कंपनीच्या राज्यांत फोनची स्थिति अशा गाडीसारखी आहे.

घरांतील बिनतारी जाळ्यांत, ज्याला सर्वजण ‘वायफाय’ म्हणून ओळखतात त्यांत, सांधेवालाच नाहीं. येथें फोन हा आगगाडी नसून पायीं चालणारा वाटसरू आहे. रात्रीच्या वेळीं रस्त्यावर दिवे लागलेले आहेत. कोणत्या दिव्याखालीं उभें राहून पत्र वाचावें हें वाटसरूनें ठरवावयाचें असतें. दिवे त्याला बोलावण्यास जात नाहींत, आणि कोणता दिवा त्याच्या अधिक जवळ आहे याची आपसांत चर्चाहि करीत नाहींत. ठाणें बदलण्याचा निर्णय फोनचा, ही गोष्ट एकदां मनांत ठसली म्हणजे या विषयांतील बहुतेक कोडीं आपोआप सुटूं लागतात.

आतां ठाणें काय करतें तें पाहावें. दरबारांतील चोपदाराप्रमाणें प्रत्येक ठाणें दर सेकंदास सुमारें दहा वेळां आपली ललकारी देत असतें. या ललकारींत जाळ्याचें नांव असतें, सुरक्षिततेचा प्रकार असतो, माहितीच्या गतीचे तपशील असतात, आणि त्या ठाण्याचा स्वतःचा ४८ बिटांचा पत्ता असतो. तीन ठाण्यांना एकच नांव दिलें तरी हे पत्ते तीन वेगळे असतात. फोनच्या पडद्यावर मनुष्याला एकच नांव दिसतें. फोनला मात्र त्या नांवामागें तीन निरनिराळीं ठाणीं दिसत असतात. नांव एक आणि सुरक्षिततेचा प्रकारहि एक, असें आढळलें म्हणजे फोन असें गृहीत धरतो कीं हीं सर्व ठाणीं एकाच घरच्या जाळ्याचीं दारें आहेत. कोणत्याहि दारानें आंत गेलें तरी घर तेंच. हें खरें आहे कीं नाहीं याची शहानिशा करणारा कोणी नसतो. येथें सारा कारभार नांवाच्या विश्वासावर चालतो. म्हणून तीन ठाण्यांना ‘खालचें’, ‘वरचें’, ‘मागचें’ अशीं तीन नांवें देणाऱ्या गृहस्थाच्या घरीं फोनला हीं तीन परकीं घरें वाटतात, आणि पहिल्याची लहर पार नाहींशी होईपर्यंत तो सहसा दुसऱ्याकडे वळत नाहीं.

नांव एकच ठेवलें, तरी फोन ठाणें केव्हां बदलतो? याचा नियम १९९७ सालीं आय. ई. ई. ई. या अभियंत्यांच्या संस्थेनें प्रसिद्ध केलेल्या ८०२.११ या मूळ प्रमाणसंहितेंत सांगितलेला नाहीं. ठाणें कसें बदलावें याची रीत तींत आहे. केव्हां बदलावें हें फोन बनविणारानें आपल्या मतीप्रमाणें ठरवावयाचें. त्यामुळें एकाच जिन्यावर दोन निरनिराळ्या कारखान्यांचे दोन फोन निरनिराळ्या पायऱ्यांवर ठाणें बदलतात. ॲपल कंपनीनें आपल्या फोनांचा नियम प्रसिद्ध केलेला आहे. लहरीचा जोर उणें ७० डीबीएम या मर्यादेखालीं गेला म्हणजे तिचा फोन दुसऱ्या ठाण्याचा शोध करूं लागतो. हा जोर म्हणजे एका मिलिवॅटच्या एक कोटी भागांपैकीं एक भाग. एवढ्या सूक्ष्म शक्तीवरहि फोनचें काम बरें चालतें. परंतु शोधांत दुसरें ठाणें सांपडलें म्हणून फोन लगेच तिकडे जात नाहीं. माहितीची देवघेव चालू असल्यास नवें ठाणें निदान ८ डेसिबलांनीं, म्हणजे सुमारें सहापट जोरदार असावें लागतें. फोन स्वस्थ असल्यास १२ डेसिबलांनीं, म्हणजे सुमारें सोळापट.

फोनचा हा चिकटपणा वरवर पाहतां हट्टीपणा वाटेल. पण त्याला कारणें आहेत. ठाणीं वेगवेगळ्या चॅनेलवर बोलत असतात. दुसऱ्या चॅनेलवर कोण आहे हें ऐकावयाचें तर फोनला चालू चॅनेल क्षणभर सोडावें लागतें, आणि तेवढा वेळ संभाषण तिष्ठत राहतें. शोधाला बॅटरीहि खर्चावी लागते. शिवाय बिनतारी लहरीचा जोर कधीं स्थिर नसतो. मनुष्यानें नुसती पाठ फिरविली, मध्यें लोखंडी कपाट आलें, कोणी दार लावलें, एवढ्यानेंहि तो खालींवर होतो. प्रत्येक चढउताराबरोबर फोन ठाणें बदलूं लागला, तर दोन ठाण्यांच्या सीमेवर बसलेल्या माणसाचा फोन मुलांच्या खेळाप्रमाणें तळ्यांत-मळ्यांत करीत राहील आणि एकहि वाक्य धड पुरें होणार नाहीं. म्हणून फोन थोडा सोशीक ठेवलेला असतो. मात्र हा सोशिकपणा कोठें संपावा याबद्दल कारखानदारांचें एकमत नाहीं.

निर्णय झाल्यावर प्रत्यक्ष स्थलांतर कसें होतें? पहिली पायरी शोधाची. फोन एकेका चॅनेलवर जाऊन एकतर ललकारीची वाट पाहतो, किंवा “येथें अमुक नांवाचें ठाणें आहे काय?” अशी आपण होऊन पृच्छा करतो आणि उत्तरासाठीं क्षणभर थांबतो. चॅनेलें अनेक असल्यामुळें यांतच खरा वेळ जातो. मेरीलंड विद्यापीठांतील संशोधकांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत स्थलांतराच्या एकंदर वेळापैकीं ९० टक्क्यांहून अधिक वेळ या शोधांतच खर्ची पडतो असें दिसून आलें. संभाषणाच्या दृष्टीनें हें महत्त्वाचें आहे; कारण एका बाजूचा शब्द दुसरीकडे पोंचण्यास १५० मिलिसेकंदांहून अधिक विलंब सहसा होऊं नये, असें आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचें सांगणें आहे. सेकंदाच्या सातव्या हिश्श्याएवढा हा अवधि. शोध लांबला तर तो केव्हांच उलटून जातो.

दुसरी पायरी ओळखीची आणि प्रवेशाची. फोन नव्या ठाण्याकडे पुनःप्रवेशाचा अर्ज करतो, आणि आपण पूर्वीं कोणत्या ठाण्यावर होतों त्याचा पत्ताहि त्या अर्जांत देतो. ठाण्यानें होकार दिला म्हणजे तिसरी पायरी किल्लीची. घरोघर प्रचलित असलेल्या डब्ल्यू. पी. ए. २ या सुरक्षापद्धतींत मूळ किल्ली दोन गोष्टींपासून गणितानें काढलेली असते: परवलीचा शब्द आणि जाळ्याचें नांव. हे दोन्ही तिन्ही ठाण्यांवर अक्षरशः सारखे असले, तर तिन्ही ठाणीं एकमेकांना कांहींहि न विचारतां त्याच मूळ किल्लीपर्यंत पोंचतात. मग फोन आणि नवें ठाणें यांच्यांत चार निरोपांची देवघेव होऊन त्या भेटीपुरती ताजी किल्ली ठरते. ज्याला लोक मध्यवर्ती व्यवस्थेचें काम समजतात, तें येथें केवळ दोन शब्दांच्या सारखेपणावर भागतें.

परंतु फोन नव्या ठाण्यावर गेला हें परदेशांतून येणाऱ्या नातवाच्या शब्दांना कसें कळावें? ते तर अद्याप खालच्या ठाण्याच्या तारेंत शिरणार! घरांतील सर्व तारा ज्या ठिकाणीं एकत्र येतात तेथें ‘स्विच’ नांवाचें एक यंत्र असतें. पुष्कळदां तें मुख्य राउटरच्या पोटांतच बसविलेलें असतें. टपालकचेरींतील जाणत्या कारकुनाप्रमाणें तें एक साधें काम करतें: कोणत्या पत्त्याचें टपाल कोणत्या तारेनें आलें याची नोंद ठेवतें आणि त्या पत्त्याचें उत्तर त्याच तारेनें पाठवितें. फोन माडीवरच्या ठाण्यांतून पहिला निरोप धाडतो, त्याच क्षणीं जुनी नोंद खोडली जाऊन नवी लिहिली जाते. पुष्कळ ठाणीं तर फोनच्या बोलण्याची वाटहि पाहत नाहींत. फोनला आंत घेतल्याबरोबर त्याच्या पत्त्यानें एक छोटा निरोप तीं आपण होऊनच तारेवर सोडतात. त्यामुळें स्विचची नोंद बदलते आणि जुन्या ठाण्यालाहि आपला पाहुणा गेल्याचें कळूं शकतें. याप्रमाणें कोणी हुकूम न करतां नातवाचा पुढला शब्द माडीवरच्या तारेनें येऊं लागतो.

याला एक अट आहे. फोनचा इंटरनेटवरील पत्ता स्थलांतरानंतरहि तोच राहिला पाहिजे. पत्ते वाटण्याचें काम घरांत एकाच यंत्राकडे, म्हणजे मुख्य राउटरकडे असलें तर अडचण येत नाहीं. पण पुष्कळ घरांतून माडीवरची पेटी हीहि एक स्वतंत्र राउटर असते आणि ती आपले पत्ते आपणच वाटीत असते. मग नांव एक, परवलीचा शब्द एक, आणि घरें मात्र दोन, असा प्रकार होतो. फोन माडीवर जातो, त्याला नवा पत्ता घ्यावा लागतो, आणि जुन्या पत्त्यावर चाललेलें संभाषण तेथेंच संपतें. आजीबाईंचा फोन माडीवर पोंचतांच बंद पडत असे याचें कारण हेंच असूं शकतें. अशा जादा राउटरला केवळ ठाणें म्हणून काम करण्याची आज्ञा त्याच्या सूचनापटलावरून देतां येते. त्यांत खर्च कांहींच नाहीं.

ठाण्याठाण्यांनीं एकमेकांशीं कसें बोलावें हें ठरविण्याचा प्रयत्न झाला नाहीं असें नाहीं. मूळ संहितेनें हा विषय कारखानदारांवर सोपविला होता. २००३ सालीं ८०२.११ एफ या नांवानें एक शिफारस प्रसिद्ध झाली. पण ती रुजली नाहीं आणि २००६ सालीं मागें घेण्यांत आली. मोठ्या संस्थांतून त्या सुमारास मध्यवर्ती नियंत्रकाची पद्धति रूढ होत होती. मात्र पुढील काळांत फोनला साहाय्य करणाऱ्या तीन योजना आल्या. २००८ सालच्या ८०२.११ के या योजनेनें ठाणें आपल्या शेजारच्या ठाण्यांची यादी फोनला देऊं शकतें, आणि मग त्याला सगळीं चॅनेलें धुंडाळावीं लागत नाहींत. त्याच सालच्या ८०२.११ आर या योजनेनें किल्लीचे चार निरोप प्रवेशाच्या निरोपांतच मिसळून टाकले आणि वेळ वांचविला. २०११ सालच्या ८०२.११ व्ही या योजनेनें ठाण्याला फोनास असें सुचवितां येतें कीं, “आपण शेजारीं गेलांत तर बरें.” परंतु ही विनंति असते, आज्ञा नव्हे. फोन ती नाकारूं शकतो. फार झालें तर ठाणें दुबळ्या फोनशीं संबंध तोडून त्याला बाहेर काढूं शकतें. पण बाहेर पडल्यावर कोणतें दार ठोठावावें हें पुन्हां फोनच ठरवितो.

आतां त्या जोरदार पेटीच्या कोड्याकडे वळावें. खालचें ठाणें जोरदार झालें, तेव्हां त्याची ललकारी तक्तपोशी भेदून माडीवरहि चांगल्या जोरानें पोंचूं लागली. फोननें ती मोजली. ती उणें ७० च्या वरच भरली. म्हणून माडीवरच्या ठाण्याचा शोध करावा असें त्याला वाटलेंच नाहीं. पण संभाषणाला दोन बाजू असतात. मोठ्यानें ओरडणाराचें बोलणें लांबवर ऐकूं जातें, म्हणून त्याला लांबचें अधिक ऐकूं येऊं लागतें असें नव्हे. फोनची प्रक्षेपणशक्ति बहुधा ठाण्यापेक्षां कमी असते, आणि त्याचा क्षीण आवाज दोन भिंती आणि तक्तपोशी ओलांडून खालीं नीट पोंचत नाहीं. निरोप हरवतात, पुन्हां पुन्हां पाठवावे लागतात, गति उतरते. आणि मंदगतीनें बोलणारा एक फोन त्या चॅनेलवरील इतरांचाहि वेळ खातो. पैसे खर्चून आणलेल्या शक्तीनें फोनला चुकीच्या ठिकाणीं बांधून ठेवलें, एवढेंच काय तें घडलें.

यावरून खरा उपाय उलट दिशेचा आहे हें उघड होईल. ठाण्याचा आवाज वाढवावयाचा नसून, आपल्या खोल्यांपुरता पोंचेल आणि शेजारच्या ठाण्याच्या हद्दींत थोडासाच शिरेल इतका तो कमी करावयाचा असतो. म्हणजे जिना चढतां चढतां खालची लहर वेळेवर ओसरते, वरची वेळेवर चढते, आणि फोनला निर्णय घेण्यास स्पष्ट कारण मिळतें. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत एकमेकांवर न चढणारीं चॅनेलें १, ६ आणि ११ हीं तीनच; तीं तीन ठाण्यांना एकेक वांटून द्यावींत. हिंदुस्थानांत ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा बराच मोठा भाग २०१८ सालीं परवान्याच्या अटींतून मोकळा झाला. तेथें चॅनेलें विपुल आहेत. त्या लहरी भिंतींतून कमी पार होतात. पण ठाणीं अनेक असतील तेथें ही उणीव गुणासारखी उपयोगीं पडते, कारण प्रत्येक ठाण्याची हद्द आपोआप आंखली जाते. नांव, परवलीचा शब्द आणि सुरक्षिततेचा प्रकार तिन्हींवर एकच असावा, पत्ते वाटणारें यंत्र एकच असावें, आणि ठाणीं शक्यतों तारेनेंच जोडलेलीं असावींत. कारण ठाण्यांनीं आपसांतलें बोलणेंहि त्याच लहरींवर करावयाचें ठरविलें, तर फोनच्या वांट्याची हवा तेवढी कमी होते.

एवढें केल्यानेंहि सर्व फोन शहाण्यासारखे वागतील अशी हमी नाहीं. एखादा जुना फोन लहर अगदीं विझेपर्यंत तिला चिकटून राहील, आणि त्याला हुकूम देणारा घरांत कोणी नाहीं. शेंकडों माणसें एकाच वेळीं हिंडतात अशा इस्पितळांत नियंत्रकाचा खर्च सोसावा लागतो तो यासाठींच. यादी पुरविणें, शक्ति जुळविणें, चॅनेलें वांटणें हीं कामें तेथें माणसाच्या हातानें होण्यासारखीं नसतात. तीन ठाण्यांच्या घरांत मात्र तींच कामें एखाद्या रविवारीं दुपारीं घरच्या माणसाला करतां येतात. खालच्या नव्या पेटीची शक्ति उतरवावी, माडीवरच्या पेटीचें पत्ते वाटणें बंद करावें, आणि मग कोणाशीं तरी बोलत स्वतः एकदां जिना चढून पाहावें. वळणावर एखादें अक्षर गळेल. पण नातवाचें वाक्य माडीवर पुरें होईल, आणि देवापाशीं दिवा लावतांना आजीबाईंना तें ऐकूं येईल.